ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल: मशीन फ्लश घ्यावा की नको?

ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स तेल बदलायला वर्कशॉपमध्ये गेलं की साधारण दोन पर्याय सांगितले जातात. एक म्हणजे खालचा ड्रेन बोल्ट काढून निघेल तेवढं तेल काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. दुसरा म्हणजे मशीन लावून जवळजवळ सगळं तेल बदलायचं, यालाच फ्लश म्हणतात. दुसऱ्याचे पैसे जास्त, आणि तो ‘संपूर्ण सर्व्हिस’ म्हणून गळ्यात मारला जातो. आमचं मत स्पष्ट आहे: वेळच्या वेळी देखभाल झालेल्या गाडीचा पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं ताट, उघडून फिल्टर बदलला आणि तेलाची पातळी नीट लावली, तर मशीनची गरज पडत नाही.

मशीनचा फायदा खोटा नाही, हेही मान्य करायला हवं. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लिटर तेल आहे. ड्रेन बोल्टमधून साधारण साडेतीन लिटर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलण्यासाठी तेल वळवणारा भाग) आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांत अडकून राहतं. म्हणजे एकदा काढून भरल्यावर नव्या तेलाचं प्रमाण ४४ टक्के. मधे थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की ६८, तिसऱ्यांदा ८२. मशीन कूलरच्या पाइपांना जोडलं जातं. गिअरबॉक्सचा स्वतःचा पंप जुनं तेल बाहेर ढकलतो आणि त्याच वेगाने मशीन नवं आत सोडतं. एका बैठकीत बहुतेक तेल बदलून होतं, मात्र त्यासाठी गिअरबॉक्सच्या क्षमतेपेक्षा जास्त तेल लागतं, कारण सुरुवातीचं नवं तेल जुन्यात मिसळूनच बाहेर पडतं.

अडचण अशी की नुसतं मशीन लावलं तर पॅन उघडलाच जात नाही. फिल्टर जुनाच राहतो, पॅनमधल्या चुंबकांवरचा लोखंडी गाळ तसाच राहतो, आणि आत काय चाललंय हे कळायची एकमेव सोपी संधी हुकते. चुंबकांवर राखाडी, मलमासारखा बारीक थर असणं ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा चकत्या दिसल्या, तर तेल बदलून काही साधणार नाही. बेअरिंग किंवा गिअर तपासावे लागतील. तेल गुलाबी आणि दुधाळ दिसलं, तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. मशीनसोबत आत ‘क्लीनर’ टाकून धुऊन देतो असं कुणी म्हटलं, तर सरळ नाही म्हणावं. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद वाटांत जाऊन बसू शकतो.

या सर्व्हिसचा कस लागतो तो पातळी लावताना. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी, नसते. तिथे काम सुरू करताना पहिल्यांदा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघायचं, मगच ड्रेन बोल्टला हात लावायचा. उलट केलं आणि भरायचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी तेलाविना तिथेच उभी. निघालेलं तेल मापून घ्यायचं आणि तेवढंच भरायचं. मग इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबायचं आणि पार्कमध्ये आणायचं. तेलाचं तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर बघायचं. कितीवर तपासायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेकदा ४० अंशांच्या आसपास. गाडी सपाट उभी असताना, इंजिन चालू ठेवूनच पातळीचा बोल्ट (जास्तीचं तेल ज्यातून बाहेर पडतं तो) उघडायचा. धार थांबून थेंब थेंब पडायला लागलं की बोल्ट नव्या वॉशरसह बंद. तापलेलं तेल फुगतं, म्हणून जास्त गरम असताना पातळी लावली तर तेल कमी राहतं. पंप हवा ओढतो, गिअर उशिरा लागतो, घरघर ऐकू येते. जास्त भरलं तर फिरत्या भागांत घुसळून फेस होतो, आणि परिणाम जवळपास तोच. स्कॅनर न जोडता अंदाजाने पातळी लावणाऱ्या वर्कशॉपला हे काम देऊ नये, मग मशीन कितीही भारी असो.

पॅनचे बोल्टही इथे बिघडतात. ते बारीक असतात, ताकद लावून पिळले की ॲल्युमिनियममधले आटे जातात. तिरप्या क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळायचे. झेडएफ या कंपनीच्या काही गिअरबॉक्समध्ये पॅन प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला. तिथे अख्खा पॅन बदलावा लागतो. म्हणून अंदाजपत्रकात त्याचा खर्च आहे का, ते आधीच विचारावं.

तेल कुठलं, यावर तडजोड नको. टोयोटाची डब्ल्यूएस आणि जुनं टी-फोर ही दोन तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) आणि ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गिअरबॉक्सचं तेल तर वेगळंच असतं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ या लेबलपेक्षा डब्याच्या मागे आपल्या गाडीचा स्पेसिफिकेशन नंबर छापलाय का, ते वाचावं.

आता कधी बदलायचं. ‘लाइफटाइम फिल’, म्हणजे तेल कधीच बदलायला नको, या शब्दावर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं अशी मुदत सांगते. मॅन्युअलमध्ये मुदत दिली असेल तर ती पाळावी. घाट, ट्रेलर, सततची गर्दी यांत तेल तापतं, तेव्हा ६०,००० ला बदलणं शहाणपणाचं. एका वेगाने चालवताना गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर नव्या तेलाने ते बरेचदा थांबतं. पण आरपीएम वाढतो आणि गाडी ओढत नाही, असं होत असेल तर क्लच झिजलेत. अशा गाडीवर फ्लशचे पैसे वाया जातात, आधी तपासणी.

दीड लाख किलोमीटरपर्यंत तेलाला हातच न लागलेल्या गाडीलाही मशीन लावू नये. पॅन आणि फिल्टरसह एकदा बदलावं, हजारेक किलोमीटर चालवावं, गिअर नीट पडतायत का बघावं, आणि मगच पुन्हा काढून भरावं.