विकताना पंधरा दिवस, पैसे मागितले की सहा महिने : स्किन टायटनिंगच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

जळगाव, भुसावळ, धुळे साईडला आजकाल गल्लोगल्ली स्किन क्लिनिकचे बोर्ड लागलेत, आणि लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर नुसत्या त्यांच्याच जाहिराती. हायफू, आरएफ (दोन्ही कातडी तापवून टाईट करायची मशीन), नॉन सर्जिकल फेसलिफ्ट, सुई नाही काप नाही, लंच ब्रेकमध्ये या आणि दहा वर्ष लहान होऊन जा. माझे आणि माझ्या वहिनीचे मिळून ५६,००० रुपये यात गेलेत म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिली आहे. क्लिनिकचं नाव घेत नाही, मॅटर ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सगळीकडे सारखीच आहे हे नंतर चार जणींशी बोलल्यावर समजलं.

भाचीचं लग्न अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर धरलेलं. वहिनीला शुगर निघाल्यापासून तिने भात साखर सगळं सोडून, रोज मेहरूण तलावावर चालून वजन चांगलंच उतरवलं, डॉक्टर खूश, पण गळ्याची आणि हनुवटीखालची कातडी लोंबायला लागली. साखरपुड्याचे फोटो आले तर बाई बोटाने झूम करून करून फक्त स्वतःचा गळाच बघे. होळी होऊन गेली होती, लग्नाला दीडेक महिना, आणि तेवढ्यात ती रील समोर आली. सासू-सून कॉम्बो म्हणे. आम्ही ननंद-भावजय, तर म्हटले चालेल ताई, तुम्हाला पण तोच रेट.

तिथे डॉक्टरच्या आधी काउन्सिलर भेटते हे लक्षात ठेवा. एसी, ग्रीन टी, ताई ताई करत गोड बोलणं, हातात टॅब. पॅकेज ४०,००० चं, आज बुक केलं तर २८,०००, उद्या आले तर परत ४०. आम्ही सरळ विचारलं की बाई लग्न अखाजीला आहे, तोपर्यंत होईल का. म्हणे पंधरा दिवसात फरक दिसतो, लग्नापर्यंत गळा एकदम टाईट, गॅरंटी. हेच तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पण लिहून पाठवलं, तेच आज आमच्या कामात येऊन राहिलं. डॉक्टर म्हणून जी आत बसली होती तिच्या कोटावर नाव होतं, डिग्री नव्हती, तिने वहिनीच्या गळ्याला हातसुद्धा लावला नाही, लांबूनच म्हटली हो हो होऊन जाईल.

मग सिटिंग. बिलावर लिहिलेलं हायफू. पोरगी गळ्याला गार जेल लावे, आणि एक गरम गोळा गोल गोल फिरवत बसे, कानात इयरफोन, मैत्रिणीशी गप्पा की डब्यात शेवभाजी आहे की नाही. थोडं गरम लागे, बाकी मसाजसारखं, वहिनी तर एकदा झोपून गेली. दर आठ दिवसांनी बोलवत. प्रत्येक वेळी सिटिंग झाली की लगेच फोटो. आता हा फोटोचा प्रकार नीट समजून घ्या. आधीचा फोटो काढला तेव्हा दारातल्या ट्यूबलाईटखाली उभं केलं, केस मोकळे, म्हटले जरा खाली बघा. नंतरच्या फोटोला समोर रिंगलाईट, केस मागे करकचून बांधलेले, हनुवटी वर करा ताई, अजून थोडी वर. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले तर मी पण म्हटली अरे वा. घरी येऊन बाथरूमच्या आरशात पाहिलं तर, वहिनीच्याच भाषेत, "मना चेहरा जसा व्हता तसाच शे व ताई."

एक गोष्ट खरी, सिटिंगनंतर दोन दिवस चेहरा ताठ ताठ लागतो. तो रिझल्ट नाही. उष्णता दिल्याने आलेली सूज आणि कातडीचं तात्पुरतं आकसणं असतं ते, काही दिवसात उतरतं. यांचा सगळा धंदा त्या दोन दिवसांवर चालतो.

लग्न लागलं, गळा तसाच. वहिनीने पदर ओढून ओढून फोटो काढले. हळद फिटल्यावर आम्ही दोघी क्लिनिकवर गेलो की पैसे परत द्या. तर तीच काउन्सिलर, त्याच खुर्चीत बसून, एकदम शांत आवाजात काय म्हणते, ताई कोलॅजन (कातडी ताठ ठेवणारं प्रथिन) बनायला सहा महिने लागतात, सायन्स आहे ते, थोडा पेशन्स ठेवा. मी म्हटलं मग होळीला हे सायन्स कुठे गेलं होतं? तर फॉर्म काढून दाखवला, खाली बारीक इंग्लिशमध्ये, रिझल्ट व्यक्तीप्रमाणे बदलतात, पैसे परत मिळणार नाहीत. सही वहिनीची.

आता यात गंमत अशी की ती जे बोलली ते अर्धं खरंच होतं. माझ्या नणंदेच्या ओळखीने आम्ही एका खऱ्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, एमडी, फी घेऊन वीस मिनिटं नीट समजावलं, काही विकलं नाही. ते म्हटले, खरं हायफू म्हणजे अल्ट्रासाऊंडचा किरण कातडीच्या आत एका ठिकाणी गोळा करायचा, दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोल, तिथे बारीक बारीक ठिपके ६० डिग्रीच्या वर तापतात, ती इजा भरून काढताना शरीर नवीन कोलॅजन तयार करतं. म्हणून त्याला वेळ लागतोच. फरक साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसायला लागतो, सहा महिन्यांपर्यंत वाढत जाऊ शकतो, आणि मग वर्ष-दीड वर्षात हळूहळू कमी होतो कारण वय काही थांबत नाही. फरक पण किती, तर थोडासा. जवळचा माणूस म्हणेल फ्रेश दिसते, एवढंच. कोणाकोणाला तेवढा पण दिसत नाही. लग्न अखाजीला असेल तर हे काम दिवाळीच्या आसपास करायचं असतं, होळीनंतर नाही, हे त्यांचेच शब्द.

आणि दर आठ दिवसांनी हायफू कोणी करत नाही म्हटले. एकदा केलं की काही महिने थांबून बघतात, लागलं तर परत. जबड्याच्या हाडाजवळ ते चांगलंच टोचतं, बहुतेक मशीनमध्ये हँडपीस एका जागी टेकवून एक एक शॉट देतात, झोप लागायचा प्रश्नच नाही. जेल लावून गोल फिरवतात ते आरएफ, रेडिओफ्रीक्वेन्सी. त्यात वरून कातडी ४०-४२ डिग्रीपर्यंत तापवतात, त्याला खरोखर जास्त सिटिंग लागतात, ज्यांची कातडी जरा जरा सैल पडायला लागली आहे त्यांना थोडा उपयोग होतो, आणि ते पुष्कळ स्वस्त असतं. म्हणजे आम्हाला बिल हायफूचं आणि बहुतेक काम साध्या आरएफचं.

वहिनीच्या गळ्याबद्दल तर त्यांनी स्पष्टच सांगितलं की वजन उतरल्यावर एवढी कातडी लोंबली असेल तर ते मशीनचं कामच नाही. सैल झालेला ब्लाऊज कितीही इस्त्री केला तरी फिटिंगला येत नाही, त्याला टीपच मारावी लागते, म्हणजे सर्जरी, आणि शुगर असताना त्याचा विचार वेगळा करावा लागतो. हे पहिल्या दिवशी गळ्याला हात लावून कोणीही सांगू शकलं असतं. मला राग त्याचा जास्त येतो. उलट आम्हाला त्यांनी नशीबवान म्हटलं, कारण खरं मशीन अडाणी हातात असलं तर कातडी भाजते, डाग पडतात, चुकीच्या खोलीवर शॉट गेले तर गालाची चरबी वितळून गाल बसतात आणि बाई अजून म्हातारी दिसते, नसेला धक्का लागला तर तोंडाची एक बाजू काही दिवस नीट हलत नाही.

भिंतीवर यांच्याकडे मोठं पोस्टर होतं, एफडीए अप्रूव्हड. काबरं फसतो माणूस, तर असं वाचून. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय मशीनला परवानगी देणारं तिथलं सरकारी खातं) २००९ मध्ये अल्थेरा नावाच्या एका मशीनला भुवया उचलण्यासाठी परवानगी दिली, २०१२ मध्ये हनुवटीखालच्या भागासाठी आणि गळ्यासाठी. ती त्या मशीनची परवानगी, त्या भागापुरती. जगातल्या प्रत्येक हायफूच्या डब्याला ती लागू होत नाही. आमच्या गळ्यावर जे फिरलं त्या मशीनवर तर कंपनीचं नावच नव्हतं, नुसतं एक फुलाचं स्टिकर. म्हणून मशीनचं नाव आणि मॉडेल विचारा, बिलावर लिहून मागा, कां कू करायला लागले की उठून या. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर पण विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ऑनलाईन तपासता येतो, आणि कॉस्मेटॉलॉजीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं म्हणजे कोणी त्वचारोगतज्ज्ञ होत नाही.

सगळ्यात वाईट फसलो ते ईएमआयमध्ये. वहिनीकडे रोख नव्हती तर म्हटले नो कॉस्ट ईएमआय आहे, आधार द्या, एक ओटीपी येईल तो अपॉइंटमेंट कन्फर्म करायचा आहे. तो ओटीपी लोनचा होता. आता क्लिनिकशी भांडण असलं तरी फायनान्सवाला म्हणतो आमचा काय संबंध, आम्ही पैसे क्लिनिकला देऊन मोकळे झालो, हप्ता चुकला की सिबिल खराब. म्हणजे सिटिंग बंद आणि हप्ता चालू. दादाला कळलं तेव्हा घरात जे झालं ते इथे लिहित नाही. अशा डिजिटल लोनला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सुरुवातीची एक कूलिंग ऑफ मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न लागता बाहेर पडता येतं. मुदत फार छोटी असते, लोनच्या कागदावर लिहिलेली असते, त्यामुळे घरी येऊन त्याच दिवशी ते कागद वाचा, लग्नाची गडबड असली तरी.

पैशांचं सांगते कुठवर आलं. आधी १९१५ या नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाईनवर तक्रार टाकली, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तक्रार गेल्यावर क्लिनिकचा फोन आला की पैसे नाही पण तेवढ्याच किमतीचं हेअर पीआरपी (केसांसाठी आपल्याच रक्तातून काढून डोक्यात देतात ते इंजेक्शन) करून देतो! नको म्हटलं. मग वकिलाकडून नोटीस दिली आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. पाच लाखापर्यंतच्या मॅटरला तिथे फी लागत नाही. "पैसे परत मिळणार नाहीत" असं फॉर्मवर छापलं आणि आपली सही घेतली म्हणून विषय संपत नाही, असं वकील म्हटले, कारण सेवेत खोट असेल आणि तरी पैसे परत करत नसतील तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा धरतात. बिल न देणं पण त्यातच येतं. नोटिशीनंतर न झालेल्या सिटिंगचे पैसे माझ्या खात्यावर आले, वहिनीच्या लोनचं अजून काही नाही, तारीख पडलीये.

वकिलाने सगळ्यात आधी काय मागितलं, तर ते पंधरा दिवसाच्या गॅरंटीवाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, पेमेंटचे स्क्रीनशॉट, फॉर्मची कॉपी, आणि आम्ही घरी स्वतः एकाच खिडकीजवळ एकाच उजेडात काढलेले फोटो. फॉर्मची कॉपी क्लिनिक देत नव्हतं, मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला होता म्हणून वाचलो. तुमच्यापैकी कोणी असंच अडकलं असेल आणि आता काय करायचं म्हणून गप्प बसलं असेल तर आयोगात जायला घटना घडल्यापासून दोन वर्ष असतात, म्हणजे गेल्या वर्षीच्या लग्नसराईचं मॅटर असेल तरी वेळ गेलेली नाही. फक्त चॅट डिलीट करू नका आणि मोबाईल बदलताना बॅकअप घेऊन ठेवा.