अवंतिका एक्सप्रेसचा थर्ड एसी डबा: इंदूर ते मुंबई, एका रात्रीचा शेजार

इंदूरच्या मराठी घरांतून मुंबईला जायचे ठरले की अवंतिकेचे तिकीट मिळते का, हे आधी पाहिले जाते. संध्याकाळी इंदूर सोडायचे आणि उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत असे करत सकाळी मुंबई सेंट्रलला उतरायचे, हा क्रम लग्नकार्याला, मुलाच्या मुलाखतीला किंवा मोठ्या रुग्णालयातील तपासणीला सारखाच सोयीचा पडतो, कारण त्यात कामाचा दिवस वाया जात नाही. थर्ड एसीच्या डब्याबद्दल माझे मत चांगले आहे. बर्थ झोपण्याइतका ऐसपैस असतो, चादरी आणि उशी मिळते आणि स्लीपरच्या तुलनेत धूळ व आवाज पुष्कळ कमी असतो. मात्र या डब्यात झोप लागेल की नाही, हे रेल्वेपेक्षा शेजारच्या सात माणसांवर अवलंबून असते आणि तिकीट काढताना नेमके तेच कळत नाही. म्हणून या अभिप्रायात मी जास्त त्यांच्याविषयीच लिहीत आहे.

समोरासमोर तीन-तीन आणि वाटेपलीकडे दोन, असे आठ बर्थ एका कप्प्यात येतात. त्यांपैकी मधला बर्थ हे बहुतेक कुरबुरींचे मूळ असते. तो उघडला की खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही आणि मिटवला तर मधल्या माणसाला आडवे होता येत नाही. नियम स्पष्ट आहे: झोपण्याची वेळ रात्री 10 ते सकाळी 6. पूर्वी ती 9 पासून धरली जात असे आणि 2017 मध्ये रेल्वे मंडळाने ती 10 केली, पण कित्येक प्रवासी अजून 9 च्याच हिशेबाने बोलतात. आजारी किंवा अपंग व्यक्ती आणि गर्भवती स्त्रिया यांना त्याआधी झोपावे लागले तर इतरांनी समजून घ्यावे, असेही त्या सूचनेत आहे. ही वेळ प्रत्येक कप्प्यात ठळक अक्षरांत लावली, तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

नियम माहीत असला तरी तो सांगण्याची रीत असते. रतलाम येईपर्यंत बहुतेकांचे जेवणाचे डबे उघडलेले असतात, पुरी-भाजी आणि लोणचे निघते, कोणीतरी शेवेची पुडी पुढे करतो, आणि एकमेकांच्या झोपेच्या वेळा विचारून घ्यायला याहून योग्य वेळ नाही. "आप कितने बजे लेटेंगे?" एवढे विचारले की पुढची रात्र सोपी जाते. पुष्कळदा उत्तर मराठीत येते, "काकू, तुम्हाला पडायचं असेल तेव्हा सांगा, मी लगेच उठतो," आणि मग संभाषण इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या ओळखीच्या घरापर्यंत पोचते. हेच न विचारता साडेनऊला मधल्या बर्थची साखळी लावायला लागणारा माणूस नियमाने चुकतोच, शिवाय खाली बसलेल्या वृद्ध माणसाच्या डोक्यावर बर्थ आदळण्याची भीती असते ती वेगळीच.

बर्थ बदलून मागण्याचेही तसेच आहे. गुडघेदुखी असलेल्या स्त्रीने खालचा बर्थ मागितला तर मी तो देते आणि इतरांनीही द्यावा असे मला वाटते. परंतु आपण चढण्याआधीच कोणी आपल्या जागेवर चादर पसरून झोपलेले असावे आणि उठवल्यावर "तुम्ही वर जा ना, तरुण आहात" असे ऐकावे लागावे, ही विनंती नव्हे. अनेकांना माहीत नसते की 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा स्वतंत्र कोटा असतो आणि तो एकट्याने किंवा अशा दोघांनीच एकत्र तिकीट काढले तरच लागू होतो. पाच जणांच्या कुटुंबाचे तिकीट एकत्र काढले की आजीला वरचा बर्थ येऊ शकतो. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढणे हा यावरचा साधा उपाय आहे.

सगळ्यात जास्त त्रास मला मोबाइलच्या आवाजाचा होतो. रात्री 10 नंतर मोठ्याने बोलणे आणि इअरफोनशिवाय गाणी लावणे यांवर रेल्वेने 2022 मध्ये स्पष्ट बंदी घातली आहे आणि तक्रार आली तर डब्यातील कर्मचाऱ्यांनी समज द्यावी असे सांगितले आहे. ही गाडी वडोदरा-सुरत रात्री उशिरा घेते. तिथे चढणारे प्रवासी थकलेले असतात, हे मान्य आहे. तरीही मुख्य दिवे लावून, बॅगा फरफटत, स्पीकरवर "हां, बैठ गए, सीट मिल गई" हे घरी कळवणे म्हणजे झोपी गेलेल्या सात माणसांना उठवणे होय. हेच काम मोबाइलच्या उजेडात आणि एका संदेशात होते. सुरतेला उतरणाऱ्यांचा गजर हा आणखी एक प्रकार आहे: तो सगळ्यांना जागे करतो आणि ज्याचा आहे तो मात्र घोरत असतो. उशीखाली कंपनावर ठेवलेला फोन पुरेसा होतो.

चार्जिंगची जागा कप्प्यात थोडकीच असते. तिथे पूर्ण भरलेला फोन लावून ठेवू नये, एवढेच म्हणते. चढताना खालच्या माणसाच्या चादरीवर चपलेसह पाय देणे मात्र अक्षम्य आहे. चढण्यासाठी पायऱ्या दिलेल्या आहेत.

कुरबूर शब्दांनी मिटत नसेल, तर 139 वर फोन करावा किंवा रेल मदद ॲपवर डबा आणि बर्थ क्रमांकासह तक्रार नोंदवावी. भांडण वाढवण्यापेक्षा हे बरे, विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी संकोच करू नये.

सेवेला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. ज्यांना निर्वेध झोप हवी त्यांनी वरचा बर्थ मागावा, म्हणजे पहिल्या कप्प्यात 3 किंवा 6 क्रमांकाचा. तिथे कोणी बसायला मागत नाही आणि वेळेवरून वादही होत नाही. बाजूचा खालचा बर्थ शक्यतो टाळावा, कारण वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग पायाला लागते आणि बोरिवलीला उतरणाऱ्यांची रांग स्थानक येण्याच्या पुष्कळ आधीपासून तिथेच उभी राहते.