डोळ्यातून "विष" उतरवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

ऊसतोडीच्या सीझनमध्ये कितीतरी जणांच्या डोळ्याला पाचट लागतं म्हणून मुद्दाम लिहितेय, मामांच्या बाबतीत झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये. पाचटाचं टोक डोळ्यात गेलं, डोळा लालभडक, पाणी थांबेना, उजेडात उघडवेना. तालुक्याला स्टँडजवळ चष्म्याच्या दुकानाला लागून एक नेत्र तपासणी केंद्र होतं, मामी त्यांना तिथं घेऊन गेली.

पांढरा कोट घातलेल्या माणसानं खालची पापणी ओढून नारिंगी टोकाची कागदी पट्टी आत टेकवली. लगेच डोळ्यातून पिवळं-हिरवं पाणी यायला लागलं. बघा विष उतरतंय, तो म्हणाला. मग नाक शिंकरायला लावलं तर रुमालावरही पिवळं, म्हणे इन्फेक्शन नाकापर्यंत पोचलंय, उशीर केला असता तर मेंदूत गेलं असतं. मामी तिथंच रडायला लागली. साडेचार हजाराचं "डोळा सफाई"चं पॅकेज, रोज यायचं, रोज तीच पट्टी पण दरवेळी जरा हलकी टेकवायची, म्हणजे पाणी कमी पिवळं येणार आणि हा म्हणणार फरक पडतोय.

त्या पट्टीवर फ्लुरोसीन नावाचा रंग असतो. तो टाकला की तुमच्या-माझ्या चांगल्या डोळ्यातूनही पिवळंच पाणी येतं! आणि अश्रू डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकातच उतरतात, त्यामुळे नाकातून पिवळं येणं म्हणजे ती नळी मोकळी आहे, बाकी काही नाही. हा रंग औषध नाही, त्यानं काही साफ होत नाही, तो फक्त जखम दाखवतो. बुबुळावरचा पातळ थर जिथं खरचटलाय तिथं रंग धरतो, गिलावा निघालेल्या भिंतीत ओल धरते तसा, आणि निळ्या लाईटखाली तेवढीच जागा हिरवी चमकते. त्या माणसानं निळा लाईट एकदाही लावला नाही. म्हणजे तपासणी झालीच नव्हती, फक्त रंग दाखवून घाबरवलं.

पैशापेक्षा मला राग येतो तो त्यानं दिलेल्या थेंबांचा. लेबलवर काळा मार्कर फिरवलेल्या दोन बाटल्या. एकीनं दुखणं चटकन थांबायचं म्हणून मामांचा विश्वास बसला. पुढे बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला तेव्हा आम्ही त्यांना मेडिकल कॉलेजला नेलं, तिथल्या मॅडमनी बाटल्या उजेडात धरून नावं वाचली, एक बधिर करायचे थेंब आणि दुसरं स्टेरॉइड. बधिर करणारे थेंब तपासणीपुरते असतात, घरी रोज घातले तर जखम भरतच नाही, वर दुखणं कळत नाही. आणि झाडपाल्यानं झालेल्या जखमेत बुरशी शिरू शकते, त्यात स्टेरॉइड म्हणजे बुरशीला मोकळं रान. मॅडमनी तीच पट्टी लावली पण मशीनवर निळ्या लाईटमध्ये बघितलं, मामीलाही हिरवा डाग दाखवला, जखमेतून खरवडून नमुना तपासला, बुरशीच निघाली. नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध खूप दिवस चाललं. डोळा वाचला पण फूल पडलंय, त्या डोळ्यानं मामांना आता धूसर दिसतं. साधं खरचटणं बहुतेक वेळा दोन-तीन दिवसात भरून येतं हो, वेळेवर नीट बघितलं असतं तर!

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिलीय. नोंदणी नसताना ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करणं महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ प्रमाणे गुन्हा आहे. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासता येतो. पट्टी लावली की निळ्या लाईटमध्ये काय दिसलं, जखम केवढी आहे, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आणि कुणी असे बिननावाचे थेंब दिले असतील तर घालणं थांबवून आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा, बाटली फेकू नका, सोबत न्या, आमच्या मामांचे उपचार त्या बाटल्यांवरची नावं कळल्यावरच बदलले.