‘मला वाटतं’ आणि ‘प्रभूची इच्छा आहे’: घरी राहून करायच्या इग्नेशियन साधनेचं परीक्षण

मत आधीच ठरलेलं असतं, मग प्रार्थना होते, आणि प्रार्थनेनंतरही मत तेच राहिलं की त्याला देवाची इच्छा म्हटलं जातं. ख्रिस्ती मंडळीत यातून फार दुखापती होतात. ‘प्रभूने मला दाखवलं’ असं एकाने म्हटलं की बाकीच्यांना बोलायला जागाच उरत नाही. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) आत्म्यांची परीक्षा करायला सांगितलंय, पण ती करायची कशी, हे शिकवणारे थोडे. जेज्विट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची साधना ते शिकवते.

१५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेलं त्यांचं ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’ (आध्यात्मिक साधना) हे छोटं पुस्तक हा तिचा आधार. ते सरळ वाचत गेलं तर रुक्ष वाटतं, कारण ते मुळात साधना करवून घेणाऱ्याच्या हाती द्यायचं पुस्तक आहे. पूर्ण साधना साधारण ३० दिवसांची, एकांतात आणि मौनात. नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांसाठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या सूचनांपैकी १९व्या सूचनेत रोज दीड तासाची सोय आहे. घरी राहून करताना तिला बहुधा आठ-नऊ महिने लागतात आणि मार्गदर्शकाची भेट साधारण आठवड्याला एकदा होते. हे परीक्षण या घरच्या साधनेचं आहे.

रोजचा क्रम सोपा आहे. शुभवर्तमानातला एक उतारा, एक तास मनन, आणि नंतर पाव तास मागे वळून पाहणं: मन कुठे ओढलं गेलं, कुठे कोरडं पडलं. हा पाव तास बरेच जण गाळतात, आणि तिथेच साधना ढिली पडते. आठवड्याच्या भेटीत बोलायचं असतं ते याच नोंदींवर. नोंदी नसतील तर भेटीत पुन्हा मतांचीच चर्चा होते. तासाबद्दलचा नियमही कडक आहे. मन लागत नसेल त्या दिवशी तासाच्या वर थोडा वेळ बसायचं, कारण उठून जाण्याची ओढ त्याच दिवशी सर्वांत जास्त असते.

निर्णयाचा भाग मात्र खास वेळ देऊन करण्यासारखा आहे. आधी प्रश्न नेमका लिहायचा. ‘मी आयुष्यात काय करू?’ हा प्रश्न चालत नाही. ‘ही सेवेची जबाबदारी घेऊ की नको?’ हा चालतो. दोन्ही पर्याय मुळात चांगले किंवा निर्दोष हवेत. घेतलेलं कर्ज फेडावं का, दिलेला विवाहाचा शब्द पाळावा का, हे पारखायचे विषयच नाहीत. मग तराजूच्या काट्यासारखं मधोमध उभं राहण्याची कृपा मागायची. त्यानंतर कागदावर चार रकाने: घेतल्यास लाभ, घेतल्यास धोके, न घेतल्यास लाभ, न घेतल्यास धोके. दोनच रकाने केले की आवडत्या बाजूची यादी आपोआप लांबते. चौथा रकाना भरताना खरी ओढ उघडी पडते. शेवटी कौल जिकडे जातो तो निर्णय प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवायचा आणि त्याने तो स्वीकारून दृढ करावा अशी विनंती करायची. ही शेवटची पायरी घाईत सुटली तर हाती उरतो तो फक्त आपला हिशेब.

या साधनेतलं सर्वांत मोलाचं निरीक्षण दुसऱ्या ‘आठवड्या’च्या (साधनेच्या चार टप्प्यांना पुस्तकात ‘आठवडे’ म्हटलंय) नियमांत, अगदी शेवटी आलंय. देवाकडून खरंखुरं सांत्वन मिळालं, तरी ते ओसरल्यावर मन उबदार राहतं, आणि त्या उबेत आपण आपलेच बेत आखतो. सांत्वन देवाचं, बेत आपला. पण दोन्ही एकाच दिवशीचे, म्हणून एकच वाटतात. उपाय असा की नोंदवहीत दोन वेगळ्या ओळी लिहायच्या: प्रार्थनेत काय मिळालं आणि नंतर मला काय सुचलं. दुसरी ओळ वेगळी पारखायची. कितीतरी प्रामाणिक माणसं इथेच चुकतात, म्हणून हा एक नियम शिकण्यासाठीसुद्धा साधना करावी.

‘शांती वाटली’ या कसोटीचंही तसंच. अवघड गोष्ट टळल्यावर जो सुटकारा वाटतो, तोही शांतीसारखाच भासतो. इथे सांत्वनाची खूण वेगळी दिलीय: विश्वास, आशा आणि प्रीती वाढते का? सुटकाऱ्याने त्यांत भर पडत नाही. उलट, उदासीच्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा नियम पाळला तर पुष्कळ पश्चात्ताप वाचतो. मात्र झोप, भूक आणि रोजची कामं आठवडेच्या आठवडे बिघडली असतील तर आधी डॉक्टरांकडे जावं. नैराश्याच्या आजाराला आत्मिक कोरडेपणा समजणं धोक्याचं आहे.

उणिवाही आहेत. काही प्रार्थनांत मरियामातेकडे मध्यस्थी मागितली आहे आणि शेवटचे नियम कॅथलिक मंडळीच्या शिकवणीशी एकरूप राहण्याबद्दल आहेत. प्रोटेस्टंट साधकाने याबद्दल पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं. गटाने निर्णय घ्यायची रीतही या पुस्तकात नाही. मंडळीच्या समितीला प्रेषितांची कृत्ये १५ व्या अध्यायातून सुरुवात करणं जास्त उपयोगी पडेल: वाद, अनुभवांची साक्ष, शास्त्रवचन, आणि मग सर्वांनी मिळून निर्णय.

मार्गदर्शक निवडताना मात्र तडजोड नको. १५व्या सूचनेप्रमाणे त्याने कोणत्याच बाजूला झुकायचं नसतं. देवाला आणि साधकाला सरळ बोलू द्यायचं असतं. ‘माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’ असं पहिल्या भेटीत विचारून पाहावं. लगेच सल्ला मिळाला तर दुसरा मार्गदर्शक शोधावा. ‘त्या प्रश्नावर प्रार्थना करताना आत काय होतं?’ असं त्याने उलट विचारलं, तर तिथेच साधना सुरू करावी.