बागेच्या वार्षिक कराराचे परीक्षण: २१ दिवसांची छाटणी आणि ३५ दिवसांचे घरटे

पुण्यात बालेवाडीच्या बाजूला असलेल्या आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी बागेच्या देखभालीचे काम एका खासगी संस्थेला वार्षिक कराराने दिले. सोसायटीच्या बाग समितीवर असल्यामुळे या सेवेची तपासणी माझ्याकडे आली, आणि करार तिसऱ्या वर्षासाठी वाढवायचा की नाही हे ठरवताना केलेल्या नोंदी इतर सोसायट्यांना उपयोगी पडतील असे वाटल्याने त्या येथे मांडत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या दोषाविषयी पुढे लिहिले आहे तो या एका संस्थेपुरता नाही. अशा कामाचे जे जे करार समितीपुढे आले, त्या सर्वांत छाटणीचे कलम जवळजवळ शब्दशः सारखेच होते.

आमच्याकडे सुमारे २२० मीटर लांबीचे जिवंत कुंपण आहे. त्यात बहुतांश कोयनेल आणि पिवळ्या पानांचा दुरांता असून मागच्या बाजूला थोडा अडुळसा आहे. त्याखेरीज आतल्या रस्त्याच्या कडेने नाल्यापर्यंत गेलेली गवताची एक लांबट पट्टी आहे. दरमहा ३४,००० रुपये अधिक जीएसटी या दरात दोन माळी, आठवड्यातून एकदा सुपरवायझरची फेरी, यंत्रे, शेणखत आणि फवारणी एवढे मिळते. जून ते ऑक्टोबर या काळात कुंपणाची छाटणी दर २१ दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा, आणि गवताची कापणी दर १५ दिवसांनी, असे करारात लिहिले होते.

कामाचा नेटकेपणा वादातीत आहे. माळी वेळेवर येतात, रजेवर गेल्यास बदली माणूस पाठवला जातो, छाटलेला पाला त्याच दिवशी उचलून खतखड्ड्यात टाकला जातो, आणि कुंपणाची वरची कड दोरी लावल्यासारखी सरळ असते. आधीच्या ठेकेदाराचा माणूस पंधरा दिवस फिरकत नसे, त्यामुळे पहिले वर्षभर आम्ही सारे या शिस्तीवर खूश होतो. पुढे लक्षात आले की घरट्यांचा घात याच शिस्तीने होत होता.

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या फाटकाजवळ छाटणी चालू असताना एका शिंपी पक्ष्याच्या जोडीचा कर्कश ओरडा ऐकून मी खाली गेले. पेट्रोलवर चालणारा हेज ट्रिमर तोवर पुढे सरकला होता आणि पाल्याच्या ढिगात पानांची एक पुरचुंडी पडलेली होती. हा पक्षी अडुळशासारख्या झाडाचे रुंद पान निवडतो, त्याच्या कडांना चोचीने बारीक छिद्रे पाडतो, त्यांतून कोळ्याचे जाळे किंवा कापसाचा धागा ओवून पानाचा द्रोण करतो आणि आत मऊ अस्तर घालतो. पान देठासकट जिवंत आणि हिरवे राहते, म्हणून घरटे हातभर अंतरावरूनही दिसत नाही. यंत्र धरलेल्या माणसाला तर ते दिसण्याची शक्यताच नव्हती. त्या पुरचुंडीत तीन पिल्ले होती. त्यांतली दोन जिवंत होती. माळीकाकांनी घरटे सुतळीने शेजारच्या फांदीला बांधून पाहिले, आणि जोडी दिवसभर भोवती घुटमळतही राहिली, पण देठ तुटलेले पान संध्याकाळपर्यंत कोमेजून पिवळे पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्रोण रिकामा होता.

त्या आठवड्यात मी करारातील दिवसांचा हिशेब मांडला. शिंप्याला घरटे शिवायला चार-पाच दिवस लागतात, रोज एक याप्रमाणे तीन-चार अंडी घालायला तेवढेच, उबवायला सुमारे १२ दिवस आणि पिल्ले उडून जायला आणखी सुमारे १४ दिवस. एकूण बेरीज साधारण ३५ दिवसांची होते. छाटणी दर २१ दिवसांनी होत असेल, तर पावसाळ्यात बांधलेल्या अशा कोणत्याही घरट्यावरून यंत्र किमान एकदा फिरणारच. मग ते बांधणीच्या वेळी फिरेल, अंड्यांवर फिरेल किंवा पिल्लांवर फिरेल, एवढाच काय तो फरक. वटवट्या किंवा बुलबुल यांचा हिशेबही फार वेगळा नाही. याचा अर्थ पहिल्या वर्षी आमचे २२० मीटरचे कुंपण पक्ष्यांना दिसायला हिरवा आसरा होते आणि प्रत्यक्षात सापळा. ही गोष्ट कोणाच्या दुष्टपणाने घडलेली नाही. ती वेळापत्रकात छापलेली होती, आणि त्या वेळापत्रकावर समितीची, म्हणजे माझीही, सही होती.

घरटे प्रत्यक्ष कापले गेले नाही म्हणजे ते वाचले, असेही नाही. कुंपणाचा बाहेरचा पाला हा घरट्याचा आडोसा असतो. लालबुड्या बुलबुलाची वाटीसारखी घरटी या थराच्या जेमतेम वीतभर आत असतात. हा थर काढला की आतली वाटी उघडी पडते, दुपारचे ऊन थेट पिल्लांवर येते आणि कावळा, भारद्वाज व मांजर यांना आयते दर्शन होते. छाटणीनंतर दोन-तीन दिवसांत रिकामी झालेली घरटी मी पूर्वीही पाहिली होती. त्यांचा संबंध छाटणीशी आहे हे मात्र तेव्हा सुचले नव्हते.

संस्थेकडे तक्रार केली तेव्हा सुपरवायझरचे पहिले उत्तर होते, “मॅडम, पक्षी दुसरीकडे बांधतात घरटं.” बांधतात हे खरेच आहे, पण दुसरीकडचे कुंपणही याच पद्धतीने दर २१ दिवसांनी कापले जात असते. शिवाय हा विषय केवळ भूतदयेचाही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्यपक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि त्यांची अंडी वा घरटी विस्कटणे यांचाही समावेश होतो. शिकार म्हटल्यावर डोळ्यांसमोर बंदूक येते, हेज ट्रिमर येत नाही. म्हणून हे कलम सुपरवायझरला मोबाइलवर उघडून दाखवावे लागले. त्यानंतरची बोलणी बरीच गांभीर्याने झाली, हे नमूद केले पाहिजे.

छाटणी कधी बंद ठेवावी, हा त्या बोलण्यांतला सर्वांत कठीण भाग होता. आयर्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कुंपणे कापण्यास कायद्यानेच मनाई आहे, तर जर्मनीत ही मुदत ३० सप्टेंबरपर्यंत जाते. इंटरनेटवर शोधले की नेमक्या याच तारखा समोर येतात, आणि आमच्या समितीतील एका उत्साही सदस्यांनी त्या जशाच्या तशा करारात घालण्याचा आग्रहही धरला होता. त्या तारखा तिकडच्या वसंत ऋतूला बांधलेल्या आहेत. आपल्याकडे जांभळा शिंजीर उन्हाळ्यात लोंबते घरटे बांधतो, बुलबुल आणि शिंपी उन्हाळ्यापासून पाऊस संपेपर्यंत विणीत असतात, राखी वटवट्या आणि ठिपकेवाली मनोली यांना पावसाने वाढलेले गवत व त्यातले किडे किंवा बी लागते म्हणून त्यांची धांदल प्रामुख्याने पावसाळ्यात असते, आणि होला तर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात चार काटक्या रचून अंडी घालतो. ऑगस्टअखेर छाटणी सुरू करणे म्हणजे इथल्या पक्ष्यांच्या ऐन हंगामात यंत्र काढणे होय. त्यातून पुण्यातील सोसायट्यांना गणपतीपूर्वी सारे चकाचक हवे असते, त्यामुळे वर्षातली सर्वांत खोल छाटणी बहुतेक ठिकाणी नेमकी त्याच पंधरवड्यात होते.

अखेर आम्ही असे ठरवले. खोल छाटणी वर्षातून एकदाच, नोव्हेंबर ते जानेवारी या दरम्यान करायची. थंडीत कोयनेल आणि दुरांता सावकाश वाढतात, त्यामुळे दिलेला आकार बराच काळ टिकतो, हा त्याचा आणखी एक लाभ. मार्च ते ऑक्टोबर यंत्र बंद. पायवाटेवर किंवा वाहनचालकाच्या नजरेआड येणाऱ्या फांद्या तेवढ्या हातकात्रीने काढायच्या. त्याही आधी, आदल्या दिवशी सकाळी माळ्याने कुंपणापासून चार-पाच पावले दूर उभे राहून दहा-दहा मिनिटे निरीक्षण करायचे. चोचीत किडा घेऊन एखादा पक्षी एकाच जागी पुनःपुन्हा शिरत असेल, तर तिथे दोन्ही बाजूंना तीन मीटरपर्यंत कात्री लावायची नाही. सुरुवातीला आम्ही अशा जागी लाल फीत बांधत होतो. कावळ्यांनाही ती खूण कळते की काय अशी शंका आली, म्हणून आता फक्त कुंपणाच्या खांबाचा क्रमांक वहीत लिहिला जातो.

या बदलाचे श्रेय संस्थेपेक्षा माळीकाकांना अधिक द्यावे लागेल. ते मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. त्यांच्या लहानपणी शेताच्या वईला, म्हणजे कुंपणाला, पावसाळ्यात कोणी कोयता लावत नसे, कारण त्या दिवसांत शेतीच्या कामांतून सवडच नसे, आणि सुगी आटोपल्यावरच बांध साफ केले जात, असे ते सांगतात. त्यांचे दुसरे म्हणणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कात्रीने छाटताना प्रत्येक फांदी हाताने बाजूला करावी लागते, त्यामुळे आत काय आहे ते हाताला आधी कळते. यंत्र हातात असले की नजर वरच्या सरळ रेषेवर असते आणि कानात फक्त त्याचाच आवाज असतो.

गवताच्या पट्टीवरचे काम मात्र अजून समाधानकारक नाही. नायलॉनची दोरी गरगर फिरवणारा ब्रश कटर जमिनीपर्यंत सारे भुईसपाट करतो, आणि वटवट्याचे घरटे गुडघ्याएवढ्या उंचीच्या झुडपात किंवा गवतात असले तर ते नुसते पडत नाही, त्याच्या चिंध्या होतात. सरड्याची मादी याच पट्टीच्या मऊ मातीत पावसाळ्यात अंडी पुरते. आम्ही पायवाटेलगतचा एक मीटर आणि मुलांच्या खेळण्याची जागा नियमित कापायची, आणि नाल्याकडचा भाग मनोल्यांना गवताचे बी खाऊन होईपर्यंत राखायचा, अशी विभागणी सुचवली. तिला सापांच्या भीतीने विरोध झाला. ती भीती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. लहान मुले असलेल्या घरांना ती वाटणारच, आणि म्हणूनच तो एक मीटरचा मोकळा पट्टा आवश्यक आहे. तरीही सप्टेंबरमध्ये बदली माळ्याने, सुपरवायझरच्या तोंडी सूचनेवरून, संपूर्ण पट्टी एका सकाळी साफ केली. संस्थेने दिलगिरी व्यक्त केली आणि त्या महिन्याच्या बिलातून कापणीची रक्कम वजा केली. बदली माणसापर्यंत वही पोहोचत नाही, ही या सेवेतली सर्वांत मोठी त्रुटी आहे.

यंदाच्या हंगामात कुंपणात आम्हाला सात घरटी आढळली. त्यांपैकी चारांतून पिल्ले उडाली, दोन मांजराने किंवा भारद्वाजाने नेली असावीत आणि एक अर्धवट सोडून दिले गेले. छाटणीत एकही गेले नाही. कुंपणाची कड ऑगस्टमध्ये वेडीवाकडी दिसत होती, यावर सभेत टीका झाली, आणि ज्यांना काटेकोर भूमितीय आकार हवा आहे त्यांचा या पद्धतीने हिरमोड होणार हे आधीच सांगितलेले बरे. उलट, वाढू दिलेल्या दुरांत्याला प्रथमच निळी फुले आणि नारिंगी फळे आली व बुलबुल त्यांवर तुटून पडले.

खर्चाचे म्हणाल तर हातकात्रीच्या कामाला वेळ अधिक लागतो म्हणून संस्थेने महिन्याला २,५०० रुपये जास्त मागितले होते. छाटणीच्या फेऱ्या निम्म्याहून कमी झाल्या आणि इंधनही वाचले, हे दाखवून दिल्यावर जुनाच दर कायम राहिला. इतर सोसायट्यांनी दर ठरवण्यापूर्वी हा मुद्दा अवश्य मांडावा. हजेरी, साधने आणि खतव्यवस्था यांसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन. कुंपणाच्या कामाला पहिल्या वर्षी एक आणि आता चार. गवताच्या पट्टीला दोन, तेही बिलातून रक्कम वजा करण्याचा प्रामाणिकपणा दाखवला म्हणून.

नव्या करारात ‘नियमित छाटणी’ हे शब्द काढून महिने, साधन आणि तीन मीटरचे अंतर स्पष्ट लिहिले आहे, आणि बदली माळ्याने काम सुरू करण्यापूर्वी वहीवर सही करावी असे एक कलम जोडले आहे. संस्थेने बाकी सर्व मान्य करून हे शेवटचे कलम अद्याप विचाराधीन ठेवले आहे. त्यावर होकार आल्याखेरीज सोसायटी सही करणार नाही, आणि तोवर हेज ट्रिमर सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये ठेवला आहे.