रेकमेंडेशन लेटरची गाइडन्स, डेक्कन : सेशनला चार स्टार, ड्राफ्टला एक

नाव टाकत नाहीये कारण तक्रार पण आहे. पुण्यात डेक्कनला दुसऱ्या मजल्यावर छोटं ऑफिस आहे, रेझ्युमे, इंटरव्ह्यू, रेकमेंडेशन लेटर असं सगळं करतात. मी फक्त लेटरचं सेशन घेतलं, तासाचे 1500. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यातच जीव जाईल, मेट्रोने या.

सेशन घेणाऱ्या मॅडम मात्र भारी आहेत. आधी म्हणाल्या कोणाकोणाला विचारणार ती नावं लिही. मी एचओडी, प्रिन्सिपल, बाबांच्या ओळखीचे एक डायरेक्टर, प्रोजेक्ट गाइड आणि हिंजवडीच्या इंटर्नशिपचा मेंटर अशी पाच लिहिली. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक नावाला एकच प्रश्न, "यांना तुझ्या कामातला एक तरी किस्सा सांगता येईल का?" प्रिन्सिपल कट, डायरेक्टर काका कट. एचओडींवर मी जरा अडून बसले, पोस्ट मोठी आहे ना, तर म्हणाल्या "अगं, जर्नलवर सही करणारे वेगळे आणि तू रात्री दोनला काय रन करत होतीस ते माहीत असणारे वेगळे." संपलाच विषय. राहिले गाइड आणि मेंटर.

मेंटरने आता कंपनी बदललीये, पण त्याने काही बिघडत नाही म्हणे. उलट बऱ्याच कंपन्या लेटरहेडवर जॉइनिंग-रिलीव्हिंगच्या तारखा आणि डेझिग्नेशन यापलीकडे काही लिहून देत नाहीत, त्यामुळे फोनवर रेफरन्स द्याल का हे आधीच विचारून ठेवायचं. कॅम्पसच्या आयटी जॉबला तसंही लेटर सहसा कोणी मागत नाही. पण आयसर किंवा एनसीएलसारख्या रिसर्च संस्थांत प्रोजेक्टच्या पोस्टला अप्लाय करणार असाल तर बऱ्याचदा रेफरींची, म्हणजे आपल्याबद्दल सांगू शकणाऱ्यांची, नावं आणि ईमेल मागतात, आणि सरांना न सांगता त्यांचं नाव टाकलं आणि तिकडून मेल आला की सर विचारणार कोण ही मुलगी.

विचारायचं पण तीन-चार आठवडे आधी, ओरल्सच्या गडबडीत नाही, आणि "वेळ नसेल तर नाही म्हणा सर, चालेल" असं स्वतःहून म्हणायचं, म्हणजे मनात नसेल तर ते तिथेच सुटतात आणि आपल्याला पाणचट लेटर मिळत नाही. सोबत रेझ्युमे, जॉब डिस्क्रिप्शन आणि त्यांच्याकडे काय काम केलं त्याचे चार-पाच पॉइंट द्यायचे.

आता तक्रार. बाहेर काउंटरवरचा मुलगा वरचे 500 घेऊन "रेडी ड्राफ्ट" देतो, सरांनी फक्त सही करायची. माझ्या रूममेटने घेतला, मी पण घेतला, दोन्ही शेजारी ठेवले तर नाव आणि ब्रँच सोडून सगळं सेम! दोघी सिन्सिअर, दोघी हार्डवर्किंग, दोघी पंक्च्युअल (रूममेट आणि पंक्च्युअल, असो). आत मॅडम किस्सा किस्सा करतायत आणि बाहेर हे. पैसे परत मागितले तर "पॉलिसी नाही".

सेशन घ्या, ड्राफ्ट अजिबात घेऊ नका. शनिवारी फार गर्दी असते. आणि झेरॉक्स खाली उतरून काढा, वर पानाला 5 रुपये लावतात.