स्पोर्ट क्वाडबाईक ‘शेतीची गाडी’ म्हणून माझ्या गळ्यात मारली, त्याची हकिगत

आमची बाग रत्नागिरी तालुक्यात, कातळाच्या उतारावर आहे. हापूसची 140 कलमं. विहीर खाली, गाडीरस्ता वर आणि मधे दोन वळणांची खडी वाट. काढणीच्या दिवसांत आंब्याचे क्रेट डोक्यावरून वर न्यायचे, हेच वर्षानुवर्षं चालत आलं. आता माणूस मिळत नाही. नेपाळी कामगार येतात, पण एप्रिलमध्ये प्रत्येक बागायतदार त्यांच्याच मागे असतो. म्हणून मी वर्षभर एखादी छोटी, ओढकाम करणारी गाडी शोधत होतो.

मोबाईलवर एक व्हिडिओ आला. लाल क्वाडबाईक, म्हणजे चार चाकांची, हँडलने वळणारी मोटरसायकलसारखी गाडी, मागे लोखंडी ट्रेलर, मोकळ्या मैदानात भरधाव. खाली लिहिलेलं, ‘250 सीसी, 500 किलो ओढते, बागायतदारांची पहिली पसंती.’ फोन केला. विक्रेता पुण्याकडचा, बोलायला अतिशय गोड. “काका, तुम्ही फक्त वाट सांगा, चढवायचं काम गाडीचं.” मी भाच्याला घेऊन गेलो. विक्रेत्याने गाडी स्टार्ट करून दिली, मी आवारात दोन फेऱ्या मारल्या. ट्रेलर जोडलेला होता, पण रिकामा. भरून दाखवा असं म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. मी विचारलं ते एवढंच, की हुक मजबूत आहे का. त्याने हुकवर उभं राहून दाखवलं.

आणखी दोन गोष्टी त्याने सांगितल्या. एक, ही गाडी ‘आता ट्रॅक्टर म्हणून पास होते’. दुसरी, कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान मिळतं, कागद तो करून देईल. पहिल्या गोष्टीत खऱ्याचा एक कण होता, म्हणूनच मी फसलो. पोलारिस कंपनीने काही वर्षांपूर्वी स्पोर्ट्समन 570 चं एक मॉडेल भारतात शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतलं होतं, ते मी वाचलं होतं. पण ती मंजुरी त्या एका मॉडेलची. चार चाकं आणि सायकलसारखं हँडल असलेली प्रत्येक गाडी त्यात बसत नाही. ट्रेलरसह 3,40,000 रुपये मोजून मी गाडी घरी आणली.

पहिला महिना काही जाणवलं नाही. फवारणीचं सामान ने, औषधाचा डबा आण, एवढंच काम. पोरं खूश. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली मोठी काढणी झाली आणि ट्रेलरमध्ये 14 क्रेट भरले. एकेक क्रेट वीस-बावीस किलोचा, म्हणजे माल 300 किलो आणि ट्रेलरचे 90 वेगळे. त्याने सांगितलेल्या 500 च्या बरंच आत.

पहिल्या वळणापर्यंत गाडी ओरडत गेली. वळणावर हँडल पूर्ण फिरवलं तरी पुढची चाकं सरळच घसरत राहिली, कारण ट्रेलरच्या ओझ्याने मागचा भाग बसला होता आणि पुढचा हलका झाला होता. मी थांबलो, पुन्हा उचलायला गेलो, तर क्लच सुटूनही गाडी हलेना. जळक्या तेलाचा वास आला. मग ती मागे सरकू लागली. ब्रेक दाबलेला होता, चाकं थांबली होती, तरीही सगळं मिळून घसरत होतं. ट्रेलर आडवा झाला, गाडी त्याच्याकडे दुमडली आणि मी डाव्या बाजूला उडी टाकली. ट्रेलर गडग्यावर आदळला. घोटा सुजला, तेवढ्यावर निभावलं. ट्रेलरच्या मागे नेहमी एक गडी हात लावून चालतो. त्या दिवशी तो पाणी प्यायला मागे राहिला होता. या एका गोष्टीने मला आजही झोप लागत नाही.

गाडी उघडली ती आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने. तो म्हणाला, “काका, हे खेळायचं यंत्र आहे. ह्याला ओझ्याला लावायचंच नाही.” त्याने तासभर बसून जे दाखवलं, ते विकत घेण्याआधी कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

स्पोर्ट क्वाड वेगासाठी आणि उड्या मारण्यासाठी बांधलेली असते. ताकद फक्त मागच्या चाकांना, तीही मोटरसायकलसारख्या चेनने. मागचा आस एकसंध, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात आणि कडक कातळावर गाडी वळायला मागत नाही. सस्पेन्शन लांब आणि मऊ, ते ओझ्याखाली बसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लो गिअर, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा गिअर, नाही. पहिला गिअरच वेगाचा, म्हणून चढावर ओझं हलवायला क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो आणि त्याच्या प्लेटा जळतात. माझ्या गाडीचं इंजिन हवेने थंड होणारं. वेगात वारा लागतो तोवर ठीक, माणसाच्या चालीने ओढकाम करताना त्याला वाराच मिळत नाही.

कामाची क्वाड वेगळी असते. चारही चाकांना ताकद, हळू ओढकामासाठी लो रेंज, हवं तेव्हाच दोन्ही चाकं एकत्र जोडणारं डिफरन्शियल लॉक, उतारावर इंजिनचा ब्रेक, रेडिएटरला पंखा. इंजिनच्या आकारावरून हा फरक कळत नाही, हे मला सर्वांत धक्कादायक वाटलं. यामाहाची रॅप्टर 700 आणि ग्रिझली 700 घ्या. दोन्हींचं इंजिन 686 सीसीचं. ग्रिझलीच्या माहितीपत्रकात 600 किलो ओढण्याची क्षमता छापलेली असते, रॅप्टर ही चेनवर चालणारी स्पोर्ट गाडी आहे. म्हणजे माझ्या विक्रेत्याने तोंडभरून सांगितलेल्या त्या ‘250 सीसी’ला काहीच अर्थ नव्हता.

हुकचं तर विचारूच नका. तो कंपनीचा नव्हताच. मागच्या पकडायच्या नळीला वेल्डिंग करून लावलेला, आसापेक्षा बराच वर. ओढण्याची जागा आसाच्या वर असली की चढावर ओझं पुढची चाकं उचलायला बघतं आणि गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटू शकते. मला मेकॅनिकने बोटाने उंची मोजून दाखवली तेव्हा पोटात गोळा आला. आणि मडगार्डवरचं ‘हेवी ड्युटी फार्म’ असं चकचकीत स्टिकर त्याने सोलून काढलं, तर खाली कंपनीची पिवळी सूचना निघाली. कमाल भार चालकासह 100 किलो. जाणूनबुजून झाकलेली होती ती.

बिल मी तोवर नीट वाचलंच नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, ‘स्पोर्ट क्वाड, केवळ मनोरंजनासाठी, रस्त्यावर वापरण्यास नाही.’ ट्रेलरचं वेगळं बिल, त्यावर ‘ग्राहकाच्या मागणीनुसार’. म्हणजे उद्या कुणी मेलं तरी हात वर. अनुदानाचं विचारायला गेलो तर कृषी सहाय्यकांनी आधी यंत्राचा चाचणी अहवाल मागितला, मध्य प्रदेशातल्या बुदनीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा. तो नव्हता. नोंदणी नाही, त्यामुळे विमाही नाही. आणि आमच्या बागेतून गावच्या रस्त्याला लागल्याशिवाय माल बाहेर पडत नाही.

विक्रेत्याला फोन केला. आधी “काका, तुम्ही चालवायला चुकलात,” मग “क्लचला वॉरंटी नसते,” मग फोन बंद. माझ्याकडे त्याचा व्हिडिओ आणि ‘500 किलो आरामात’ असं म्हणणारे आवाजी संदेश होते, ते पुसले नव्हते. त्याच्या जोरावर मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, तिथूनच मी सुरुवात केली. वकील म्हणतात की बिलावरची ती ओळ आड येईल, पण झाकलेली पिवळी सूचना आपल्या बाजूची आहे. मेकॅनिकने स्टिकर सोलतानाचे फोटो काढून ठेवले, हे त्याचे उपकार.

कुणी अशी गाडी घेत असाल तर माझी हात जोडून विनंती आहे. ओढण्याची क्षमता किती किलो, हे बिलावर आकड्यात लिहून मागा. लिहून देत नसेल तर उठून या. ट्रेलर आपल्या वाटेसारख्या चढावर, भरून, आपल्यासमोर ओढायला लावा, आणि उतरवायलाही लावा. गाडीवरचं प्रत्येक स्टिकर नखाने उचकटून बघा.

या हंगामात मी भाड्याने पॉवर टिलर आणि त्याचा ट्रेलर लावला. हळू जातो, पण जातो. लाल गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली आहे, आयोगाचा निकाल लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. परवा भाच्याने मोबाईल पुढे केला. त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात. तेच मैदान, यावेळी गाडी निळी, मागे तोच रिकामा ट्रेलर, आणि खाली काजूच्या बागवाल्यांनी किंमत विचारलेली. त्या सगळ्यांपर्यंत पोचावं म्हणून हे लिहिलं.